वाटा मागितला म्हणजे हाव सुटली का?

"मॅडम, चार महिने झाले, मी प्रभुभोजन घेतलेलं नाही."

पर्स मांडीवर नीट ठेवायच्या आधीच त्या हे बोलून गेल्या. माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसं बहुधा झोपेपासून सुरुवात करतात, नाहीतर पित्तापासून. खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत वर येतं. या बाईंनी ते उंबरठ्यातच माझ्यासमोर ठेवलं. प्रभुभोजन म्हणजे चर्चच्या उपासनेत येशूच्या आठवणीने घ्यायची भाकरी आणि द्राक्षरस.

त्यांना आपण मीनाताई म्हणू. वय 52, जन्म इंदूरचा, एका खासगी शाळेत गणित शिकवतात. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील इकडचे तिकडे केले आहेत, आणि छापायला देण्याआधी घरातल्या तिघांनाही वाचून दाखवून त्यांची परवानगी घेतली आहे. ही गोष्ट लिहावीशी वाटली, कारण हाच प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणा ना कुणाच्या तोंडून माझ्या खोलीत येतो: माहेरच्या घरात वाटा मागितला, तर मी लोभी ठरते का? हिंदू बायकाही विचारतात. ख्रिस्ती बायकांच्या तोंडी मात्र त्याला जास्त धार असते. तृप्त राहण्याची वचनं त्यांना लहानपणापासून पाठ असतात, आणि ती कुणी, कुणाला, कशासाठी ऐकवली हे तपासून पाहायची सवय नसते.

मीनाताईंचे आजोबा अहमदनगरकडून मिशनच्या कामासाठी इंदूरला आले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इथे 1877 मध्ये सुरू झालं. त्या आधाराने इथे येऊन रुजलेली अशी काही मराठी घरं मला भेटत राहतात: चर्चमधली उपासना हिंदीत, घरची कुटुंबप्रार्थना मराठीत. वडील हुकुमचंद मिलमध्ये, आई नर्स. मालवा मिलच्या बाजूला 1,200 चौरस फुटांच्या प्लॉटवर वडिलांनी एकेक खोली करत बांधलेलं घर. वडील 2017 मध्ये गेले, मृत्युपत्र न करता. आता त्या घरात आई, धाकटा भाऊ सुहास, भावजय आणि कॉलेजात जाणारा भाचा राहतात.

एका बिल्डरने त्या घराचे 1 कोटी 20 लाख देऊ केले. आठ दिवसांनी सुहास बहिणीकडे एक कागद घेऊन आले. हक्कत्यागाचा कागद होता तो, महाराष्ट्रात ज्याला हक्कसोडपत्र म्हणतात. मीनाताई म्हणाल्या, "वाचून सांगते." तेवढ्यावरच बिनसलं. "ताई, तुला कमी काय आहे? भावोजींना पेन्शन आहे, स्वतःचा फ्लॅट आहे. जवळ आहे तेवढ्यात तृप्त असावं, असं वचन आहे ना आपल्यात?" पुढच्या रविवारी उपासनेनंतर एक पाळक मध्ये पडले. त्यांनी बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं, सहावा अध्याय, सातवी ओवी: तुम्ही त्यापेक्षा अन्यायच का सोसत नाही?

त्या दिवसापासून मीनाताईंचं प्रभुभोजन सुटलं. वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर आधी जाऊन समेट कर, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. समेट म्हणजे सही, असं त्यांच्या मनाने धरलं होतं. सही करवत नव्हती, म्हणून भाकरीला हात लावायची लाज वाटत होती.

मग त्या एक गोष्ट बोलल्या. ती मी त्यांच्याच शब्दांत देते.

"मॅडम, बाबांची मिल बंद पडली तेव्हा मी कॉलेजात होते. कामगारांची देणी अडकली. तीस वर्षं कोर्टकचेरी चालली. बाबा दर आठवड्याला मीटिंगला जायचे. 2023 च्या डिसेंबरात निकाल लागून पैसे आले, 4,800 कामगारांचे सुमारे 224 कोटी, तेव्हा बाबा नव्हते. त्यांचा वाटा आईच्या खात्यात आला. सुहासने सगळ्या गल्लीत सांगितलं, हा बाबांच्या घामाचा पैसा आहे. त्या तीस वर्षांत बाबांना कुणी म्हटलं नाही की, तृप्त राहा, मागू नका."

मी त्या दिवशी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडून दिला. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असं तिथे म्हटलं आहे. ज्याचं आहे त्याने ते मागावं, याला पवित्र शास्त्र कुठेही लोभ म्हणत नाही. उलट पाच बहिणींची एक गोष्ट आहे, गणनाच्या 27 व्या अध्यायात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप सलाफहाद वारला, भाऊ नव्हता, आणि वतन हातचं जाणार होतं. या मुली मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर निवासमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हाला द्या. मोशेने ते परमेश्वरापुढे नेलं. उत्तर आलं: मुलींचं म्हणणं बरोबर आहे. इतकी वर्षं चर्चमध्ये जाऊनही मीनाताईंनी या अध्यायावर एकही उपदेश ऐकला नव्हता. माझाही अनुभव फार वेगळा नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

पाळकांनी वाचलेल्या पानावर मी त्यांना एक ओवी पुढे नेलं. सातवीत पौल म्हणतो, अन्याय का सोसत नाही. आठवीत त्याच दमात म्हणतो, उलट तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही आपल्या भावांना. सातवी बहिणीला वाचून दाखवायची आणि आठवी भावाला दाखवायची नाही, हे वचनाशी प्रामाणिक नाही. स्वतःहून अन्याय सोसणं हे मोठं दान असू शकतं. पण दान देणाऱ्याच्या हातून सुटतं, घेणाऱ्याने कागद पुढे सरकवून होत नाही.

कायद्याचा भाग मी वकिलांवर सोपवते. मीनाताईंनाही वकील गाठायला लावलं. मात्र एवढं मला ठाऊक होतं आणि मी ते सांगितलं: ख्रिस्ती कुटुंबाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल, मागे बायको आणि मुलं असतील, तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे, मुलगा-मुलगी असा भेद न करता. दोन मुलं असली की तिघांचा हिशेब सारखाच येतो. "आपल्यात मुलींना देत नाहीत" असं भावकीत कुणी तरी म्हणालं होतं. त्यावर मेरी रॉय यांचं नाव सांगितलं. केरळातल्या जुन्या त्रावणकोर कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा 5,000 रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळायचं. त्याविरुद्ध त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि 1986 मध्ये जिंकल्या. त्याही ख्रिस्तीच होत्या.

जाताना मी एवढंच म्हटलं की कुठलाही कागद आणला त्याच दिवशी सही करू नका, आणि येत्या रविवारी प्रभुभोजन घ्या. समेटाची तुमची तयारी आहे. तेवढी पुरे.

पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या खुलून. चेहऱ्यावर तकाकी, बोलण्यात वेग. वकील म्हणाले हक्क पक्का आहे. मग निपानियाकडच्या एका योजनेतला तीन बेडरूमचा फ्लॅट, त्याचा भाव, कर्जाचा हप्ता, आणि जुन्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या पडलेल्या फरशा, ज्यांचा आता त्यांना किळस येत होता. मी ऐकत होते आणि माझ्या मनात चुकचुकत होतं.

"रात्री फोन किती वाजता बाजूला ठेवता?"

त्या थांबल्या. "एक वाजतो. कधी दोन."

"काय बघता?"

"घरं."

रोज रात्री घरं. नवरा शेजारी झोपलेला. एका जुन्या मैत्रिणीने नवं घर घेतलं होतं, तिचा फोन उचलणं महिनाभर टाळलं होतं. हातात न आलेले 40 लाख त्यांचे मनात पाच-सहा वेळा खर्चून झाले होते. त्यांचा हक्क शंभर टक्के खरा होता. आणि त्या खऱ्या हक्काच्या आडून हाव घरात येऊन बसली होती.

हे त्यांना सांगणं मला जड गेलं. ज्या बाईला चार महिने "लोभी" म्हणून हिणवलं गेलं, तिच्यासमोर लोभाचा विषय काढायचा म्हणजे जखमेवर पुन्हा हात ठेवायचा. पण मी गप्प बसले असते तर तेही त्यांना फसवणंच झालं असतं. म्हणून लूकच्या शुभवर्तमानाचा 12 वा अध्याय काढला. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाचा वाटा मला द्यायला सांगा. अगदी मीनाताईंचीच मागणी. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि मग सगळ्यांकडे वळून: सांभाळा, सर्व प्रकारच्या लोभापासून दूर राहा.

मी त्यांना विचारलं, "तो माणूस खोटं मागत होता, असं येशू कुठे म्हणाला?"

त्यांनी पुन्हा वाचलं. "नाही म्हणाला."

"मग लोभाचं कशाला काढलं?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. तिथला मूळ ग्रीक शब्द 'प्लेओनेक्सिया' असा आहे. अर्थ साधा: अजून हवं असणं. किती आहे आणि किती हवं, याचा त्यात हिशेबच नाही. 'सर्व प्रकारच्या' म्हटलं म्हणजे न्याय्य मागणीच्या पोटात असतो तो प्रकारही आला. पुढे लगेच त्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट येते. जमीन भरघोस पिकते, आणि तो मनात म्हणतो: माझं धान्य, माझी कोठारं, मोठी बांधीन, माझ्या जिवाला सांगेन, खा, पी, मजा कर. त्या गोष्टीत बायको नाही, मजूर नाही, शेजारी नाही. तो स्वतःशीच बोलतो. त्याच्याशी पहिल्यांदा दुसरं कुणी बोलतं तो देव, आणि ती रात्र शेवटची असते. मीनाताई हळूच म्हणाल्या, "रात्री एक वाजता मीही स्वतःशीच बोलत असते."

मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि दोन आकडे लिहायला सांगितलं. एक, खरोखर गरज किती आणि कशाची. दुसरा, किती मिळालं म्हणजे मन स्वस्थ होईल. पहिला आकडा पटकन आला: नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन, मुलीच्या शिक्षणाचं उरलेलं कर्ज, घराची दुरुस्ती, सगळं मिळून साडेनऊ लाख. दुसऱ्यापाशी पेन अडलं. 40 लिहिले, खोडले. 55 लिहिले. खोडले. तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला तो आकडा सापडेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटतं, उपचार खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण पुष्कळ भाविक त्यात अडकून बसतात. पैसा हे सगळ्या वाइटाचं मूळ आहे असं पवित्र शास्त्र म्हणत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सहाव्या अध्यायात, ते द्रव्याच्या लोभाविषयी म्हटलं आहे. येशू आणि शिष्यांचा खर्च काही स्त्रिया आपल्या पैशातून करत होत्या, हे लूकने नोंदवलं आहे. फिलिप्पै गावात राहणारी लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करायची, आणि तिच्याच घरात पौल उतरला. त्याच गावच्या मंडळीला पौलाने बंदिवासातून लिहिलं की, ज्या स्थितीत मी आहे तीत तृप्त राहायला मी शिकलो आहे. हे वाक्य लोक चौकटीत लावतात, पण ते कुठल्या पत्रात आहे हे विसरतात. त्या मंडळीने त्याला मदत पाठवली होती, त्याची पोच म्हणून तो लिहीत होता! पैसे हातात घेऊन, आनंदाने घेऊन, तो तृप्तीबद्दल बोलतो आहे. आणि "शिकलो" म्हणतो. म्हणजे आधी येत नव्हतं. मला या एका क्रियापदाने माझ्या स्वतःच्या आयुष्यात फार धीर दिला आहे. जे शिकता येतं त्यासाठी उशीर झालेला नसतो.

मीनाताई काय शिकल्या? पहिल्यांदा, फोन रात्री दहानंतर बाहेरच्या खोलीत. मग त्या मैत्रिणीचं घर बघायला जाणं. हे मीच सुचवलं होतं आणि त्यांना ते फार अवघड गेलं. जाताना खोबऱ्याच्या वड्या करून नेल्या. मैत्रिणीला हप्त्यांच्या काळजीने झोप नव्हती, हे तिथे कळलं. तिसरं त्यांचं त्यांनीच ठरवलं: शिकवणीचे पैसे परवडत नाहीत अशा दोन मुलींना दहावीपर्यंत गणित शिकवायचं. "40 लाख आल्यावर दान करीन असं ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "तोवर का थांबायचं?" त्या शेतकऱ्याच्या गोष्टीच्या शेवटी देवाच्या ठायी धनवान असण्याचा उल्लेख आहे. त्याचा अर्थ मला विचारतात तेव्हा मी हल्ली या दोन मुलींचं नाव न घेता त्यांच्याबद्दल सांगते. शनिवारी दुपारी त्यांच्या फ्लॅटमध्ये, त्याच पिवळ्या फरशांवर बसून, त्या बीजगणित सोडवतात.

तिसऱ्या भेटीनंतर मला आईंचा फोन आला. वय 78, आवाज खणखणीत. "तुम्ही माझ्या मुलीला बरं केलंत. आता मुलालाही बोलवा."

सुहास आले ते हाताची घडी घालून. मी बहिणीच्या बाजूची, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. अर्धा तास इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "बिल्डरला हो म्हणायची एवढी घाई का आहे?" घडी सुटली.

फ्युचर्स-ऑप्शन्स. शेअर बाजारातले सौदे, भाव पुढे चढेल की पडेल यावर पैसे लावायचे. सुहासच्या दुकानातला एक जण ते करत होता, महिन्याभरात त्याने मोटारसायकल घेतली. सुहासनी 20,000 घातले, 31,000 झाले. दीड वर्षात 14 लाख गेले, त्यातले 9 लाख कर्जाचे. बायकोला ठाऊक नव्हतं. घर विकून खड्डा बुजवायचा, आणि उरलेल्यातून "एकदा रिकव्हरी" करायची. हा शेवटचा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण तो मी फार जणांकडून ऐकला आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या संस्थेने 2024 च्या सप्टेंबरमध्ये आपली पाहणी प्रसिद्ध केली होती: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, सरासरी दोन लाखांच्या आसपास. हे त्यांना लाजवायला सांगितलं नाही. आपण एकटेच मूर्ख ठरलो, या समजुतीने ते आतून पोखरले होते, म्हणून सांगितलं.

त्यांना मी श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट वाचून दाखवली नाही. त्यांची कोठारं रिकामी होती. तीमथ्याच्या त्याच सहाव्या अध्यायातली दहावी ओवी दिली. द्रव्यलोभाच्या पाठीस लागलेल्यांनी स्वतःस पुष्कळशा खेदांनी भोसकून घेतलं आहे, असं तिथे आहे. 'भोसकून' या शब्दावर बोट ठेवून सुहास कितीतरी वेळ बसून होते. दुसऱ्या कुणी नाही, आपणच सुरी धरली होती, हे त्यांना मी सांगावं लागलं नाही.

मग मी विचारलं, "बहिणीला तुम्ही जे वचन ऐकवलंत, जवळ आहे तेवढ्यात तृप्त असा, ते पुढे कसं आहे?"

त्यांना आठवेना. इब्री लोकांस पत्र, 13 वा अध्याय, पाचवी ओवी. तृप्त असा म्हटल्यावर लगेच कारण दिलं आहे: कारण देवाने स्वतः म्हटलं आहे, मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही. सुहासनी बहिणीला अर्धी ओवी दिली होती. उरलेल्या अर्ध्याची गरज त्यांना स्वतःला होती. मिल बंद पडली तेव्हा हा मुलगा अकरा-बारा वर्षांचा होता. शाळेची फी भरायला आईने बांगड्या सराफ्यात नेल्या, त्या दिवशी तो आईबरोबर गेला होता. दिवसा सोन्याची दुकानं उघडी असतात तेव्हाच्या सराफ्याची त्यांच्या मनात तेवढीच आठवण आहे. रात्री तिथे खाण्याचे ठेले लागतात, भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी, अख्खं इंदूर तिथे हसतखेळत खात असतं. सुहास आजही तिकडे फिरकत नाहीत. लोभाच्या तळाशी दर वेळी चैनीची ओढ असतेच असं नाही. पुष्कळदा तिथे एक घाबरलेलं मूल असतं, आणि त्याला "लोभी" म्हणून झिडकारलं की ते आणखी घट्ट मूठ आवळतं. म्हणून बहिणीच्या वाट्यावर हात टाकणं क्षम्य होतं, असं मात्र मी त्यांना म्हटलं नाही.

सगळ्यांची एकत्र भेट त्यांच्या घरी झाली. आईंचे गुडघे दुखतात, म्हणून मी अपवाद करून गेले. पावसाळा होता. भाऊ-बहीण समोरासमोर, भावजय दाराशी, आणि आई खाटेवर परात घेऊन पीठ चाळत. मीनाताईंनी साडेनऊ लाखांचा कागद पुढे ठेवला. सुहासनी पहिल्यांदाच 14 लाखांचा आकडा घरात बोलून दाखवला. भावजय आत निघून गेली. मी शब्द शोधत होते, तेवढ्यात आई चाळणीकडे बघत म्हणाल्या, "यंदा दळण जास्त आणलं. जाळी धरली बघा."

आणि मग, तशाच चाळत, त्यांनी मान्न्याची गोष्ट सांगितली, जशी नातवंडांना सांगतात तशी. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळायचा. ज्याने जास्त गोळा केला त्याला जास्त उरला नाही, ज्याने कमी केला त्याला कमी पडला नाही. उद्यासाठी लपवून ठेवला त्यात किडे पडले आणि घाण सुटली. "तुमच्या बाबांना तीस वर्षं पैसे मिळाले नाहीत," त्या म्हणाल्या, "पण ते जेवून झोपायचे. तुम्ही दोघं जेवतही नाही, झोपतही नाही."

मग त्यांनी विचारलं, "हे घर विकलं तर मी कुठे राहायचं, हे कुणी ठरवलंय का?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही नाही. पाच भेटी झाल्या होत्या. तिसरा वाटा त्यांचा आहे हे मी पहिल्याच दिवशी तोंडाने म्हटलं होतं, आणि त्यांना काय हवं आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. मी भाऊ-बहिणीच्या वाटणीत इतकी गुंतले की आईला मी घराचाच भाग धरून बसले. तिथेच मी त्यांची माफी मागितली.

पुढचं वकिलांनी कागदावर आणलं. नगर निगमात नामांतरण तिघांच्या नावावर. आई हयात असेपर्यंत त्यांच्या संमतीशिवाय विक्री नाही. बिल्डरला नकार. रस्त्याकडच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या, भाड्याचे तीन भाग. साडेनऊ लाख एकदम येणार नाहीत, हे मीनाताईंनी मान्य केलं. नवऱ्याचं ऑपरेशन आधी, फरशा राहू देत. सुहासचं कर्ज त्यांनी फेडलं नाही, तसं मी सुचवलंही नसतं. भाच्याची एका वर्षाची फी मात्र परस्पर कॉलेजात भरली. सुहासनी कार विकली, बँकेकडून हप्ते वाढवून घेतले. भावजय अजून मीनाताईंशी मोजकंच बोलते. फसवणूक तिच्याशी नवऱ्याने केली, राग नणंदेवर निघतो आहे. तिला मी वेगळी वेळ दिली आहे.

हक्कत्यागाचा तो कागद मीनाताईंच्या पर्समध्ये अजून आहे. कधीकाळी सही करावीशी वाटली तर करीन, असं त्या म्हणतात, पण ती माझ्या मनाने. आईने काही मृत्युपत्र केलं आहे म्हणतात. त्यात काय आहे ते दोघांनाही ठाऊक नाही.

सुहास दर पंधरा दिवसांनी येतात. बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. पहिले काही आठवडे ते दुकानात नऊपासून घामाघूम व्हायचे. आता घरून निघताना मोबाइल आईकडे देतात, दुकानासाठी एक साधा बटणांचा फोन घेतला आहे. आई तो मोबाइल पिठाच्या डब्यापाशी ठेवतात आणि साडेतीन वाजून गेल्यावर नातवाला सांगतात, जा, बाबांना देऊन ये. मागच्या मंगळवारी सुहास दुपारी एकला घरी आले होते, मोबाइल मागायला. आईने ताट वाढलं. ते जेवले, आणि तसेच दुकानात गेले.